पालथ्या लोट्यांची फळी

गिरजामावशी,

आधी माफी मागतो. तुझ्याबद्दल मी लिहावं असं आपलं काही नातं नाही. तुला वीस-वीस वर्षं ओळखणारी माणसं अजून आहेत. मी तुला पुरी दोन वर्षंही ओळखत नव्हतो. शिवाय तुला वाचता येत नव्हतं, आणि मी तुला लिहितो आहे. मी गप्प बसावं याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आमच्या कॉलेजच्या वार्षिकासाठी निबंध मागितला होता. मी 'आपल्या प्रांतातील कापूस' हा विषय घेतला होता, दोन पानं झालीही होती. परवा तुझ्या गावाहून कार्ड आलं. तू गेलीस एवढं त्यावरून कळलं. बाकी काय लिहिलं होतं ते शेवटी लिहीन, आता हात जात नाही.

मला रडू आलं नाही. मी कार्ड वाचलं, तर्कशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं आणि तासाला गेलो. तासाला जे शिकवलं ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. आज वही उघडून पाहिली. अक्षर नेहमीसारखंच आहे.

वाचणारे तुला ओळखत नाहीत, म्हणून थोडं सांगावं लागेल. तू जिथे काम करत होतीस त्या घराच्या फाटकावर 'वृद्धनिवास' अशी पाटी आहे, पण सक्करदऱ्याकडचे लोक त्याला 'बुढ्याइचा बंगला' म्हणतात. तलावाच्या दोन शेतं अलीकडे, एका व्यापाऱ्याने दान दिलेलं बागेतलं बैठं घर. मागे चिंच, चिंचेपलीकडे पडीत जमीन. आत बावीस म्हातारी माणसं. कोणाचं कोणी उरलेलं नाही, कोणाचे आहेत पण नेत नाहीत. एक स्वयंपाकी, एक पाणक्या, आणि सगळ्यांना बघायला तू. शहरातल्या पाच गृहस्थांचं मंडळ महिन्यातून एकदा ओसरीत खुर्च्या टाकून बसतं. मी बुटीबोरीकडच्या खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजात आलेला पहिलाच. मंडळाच्या चिटणीसांनी मला कोठीशेजारची खोली राहायला दिली. त्याबदल्यात मंडळाची पत्रं लिहायची, सभेचा वृत्तांत लिहायचा आणि दुपारी म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं.

पहिल्या दिवशी मी तुला 'तुम्ही' म्हणालो. तू झाडू हातात तसाच धरून उभी राहिलीस.

"मले तुमी काहून म्हणतं गा? मी का तहसीलदारीन हाये?"

"मोठ्या माणसाला म्हणावं लागतं."

"मी वयानं मोठी, तू शिकून मोठा. मंग मलेबी तुले तुमी म्हणावं लागन. दोघंबी तुमी-तुमी करत बसलो त झाडन कोन?"

खांबाला टेकून बसलेले नथ्थूजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू त्यांच्या पाठीवर थाप मारलीस आणि मला म्हणालीस, "पाहा, आल्या आल्या एक बुढा मारत होता कालेजवाला." तेव्हापासून मी तुला 'तू' म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ती फळी दिसली. विहिरीकडच्या ओसरीला भिंतीत ठोकलेली लांब सागाची फळी, तिच्यावर बावीस लोटे. परसाकडे जायचे आणि तोंड धुवायचे. पिण्याची भांडी आत वेगळी. मारोतरावांचा तांब्याचा, काठाला चेमटलेला. सरूबाईला डोळ्यांनी दिसत नसे, म्हणून तिच्या लोट्याच्या गळ्याला तू चिंधी बांधली होतीस. संध्याकाळी तू सगळे भरून ओळीने उभे ठेवायचीस. सकाळी ज्याने त्याने आपला लोटा उचलायचा, जाऊन यायचं, राखेने घासायचा आणि आपल्या जागी पालथा घालायचा. ऊन ओसरीच्या तिसऱ्या खांबाला लागलं की तू फळीसमोर येऊन उभी राहायचीस. हाक नाही, मोजणं नाही. नुसती नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मी विचारलं, यात काय बघतेस?

"पालथा असला त बुढा उठला, जाऊन आला, काई फिकीर नाई. उभा असला त अजून आंथरुनात हाये, आत जाऊन पाहाचं. अन् जागा खालीच असली त लोटा घेऊन गेला अन् वापस नाई आला. मंग हातातलं टाकाचं अन् धावत सुटाचं."

"हे कोणी शिकवलं?"

तू म्हणालीस, "एक बाई होती इथी. दोन दिस आत पडून होती. गेलेली. जो तो म्हणे झोपली असंन. मले मरनाचं भेव नाई लागत बाबू. असं पडून राहाचं लागते."

मी ते लिहून घेतलं नाही. तेव्हा मला ते लिहून घेण्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या महिन्यात फळीवर तेविसावा लोटा आला. तो माझा होता. मला न विचारताच तू तो ठेवलास. मला थोडा रागही आला होता, मी काय म्हातारा आहे का. पुढे थंडीच्या सुरुवातीला मला हिवताप आला, आणि सकाळी उठवेना. डोळे उघडले तर तू दारात.

"लोटा उभा हाये तुया. का झालं?"

तू सात दिवस मला पेज पाजलीस. माझ्या घरी कळवलं नाहीस, कारण मी नको म्हणालो होतो. आईला कळलं असतं तर तिने कॉलेज सोडवलं असतं. या सात दिवसांबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे आभार मानायची पद्धत नाही, आणि कॉलेजात शिकलेली पद्धत तुझ्यापुढे वापरायला मला लाज वाटत होती.

आपले वाद बरेच झाले. सरूबाईच्या खाटेपासून मोरीपर्यंत तू सुतळीचा दोर ताणून बांधला होतास. मी म्हणालो, हे बरं दिसत नाही, माणसाला दावं लावल्यासारखं दिसतं. तू म्हणालीस, "डोये झाक अन् चाल." मी डोळे मिटले. दोर हातातून सरकत गेला, मग बोटांना एक गाठ लागली. मी थांबलो नाही आणि पायरीवरून कोलमडलो. "गाठ म्हंजे पायरी," तू वरून म्हणालीस. "बुढीले समजते, तुले नाई समजत." त्या वादात मी हरलो ते मला मान्य होतं. माझ्या मनासारखं झालं ते नियमांच्या वेळी.

त्या हिवाळ्यात एका म्हातारीने दार-खिडकी लावून उशाशी पेटती शेगडी ठेवली. सकाळी ती शुद्धीवर नव्हती. तिचा लोटा उभा दिसला म्हणून तू गेलीस, म्हणून ती वाचली. पण सभेत चर्चा झाली ती नियम नाहीत याची. चिटणीस मला म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, चांगली नियमावली करा. मी चार दिवस बसून अकरा नियम केले. बंद खोलीत शेगडी ठेवू नये. विहिरीच्या काठावर एकट्याने जाऊ नये. दाराला आतून कडी लावू नये. पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या रंगात मी स्वतः अक्षरं काढली. माझे वडील गावाहून आले होते, त्यांनी रंग ओला असताना एका अक्षराला बोट लावलं आणि मग ते बोट धोतराला पुसलंच नाही.

तू ती पाटी पाठ केलीस. दर रविवारी मला वाचायला लावायचीस आणि ओळ कुठे सुरू होते ते लक्षात ठेवायचीस. पुढे पुढे झाडूच्या दांड्याने दाखवायचीस, "हा शेगडीचा. हा कडीचा. अन् हा खालचा तिसरा नथ्थूजीचा, थुकाचा." मी चुकलो तर तूच सांगायचीस. "हे बरं केलं गा," तू मला म्हणाली होतीस, "म्या सांगतलं त कोनी आयके नाई. आता पाटीनं सांगतलं." लिहिलेल्यावर तुझा किती विश्वास होता हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला फक्त अभिमान वाटला.

मग बातमी आली की एक मोठे साहेब पाहणीला येणार. चिटणीस आधी येऊन सगळं बघून गेले. फळीसमोर थांबून म्हणाले, ही असली भांडी दर्शनी ओसरीत शोभत नाहीत. आणि हजेरी कुठे आहे? साहेब हजेरीपत्रक मागतील. मी पुढे होऊन म्हणालो, मी करतो. कोणी मला ढकललं नव्हतं. बारावा नियम मी लिहिला. प्रत्येकाचा लोटा प्रत्येकाच्या खोलीत राहील, रोज सकाळी सात वाजता नाव पुकारून हजेरी होईल, आणि जो गैरहजर असेल त्याची मंडळाकडे नोंद होईल. शेवटचा भाग मी का घातला? कारण तो वाचायला भारदस्त वाटत होता.

पाणक्याने फळी उपटली. तू खिळ्यांच्या भोकांना शेण-माती लावत होतीस.

"मंग मी पाहू कायले?" तू विचारलंस.

"हजेरी आहे ना आता. नाव घेतलं की 'हाजिर' म्हणायचं. मी लिहीन."

"एकाच्या जागी दुसरा बोलला त?"

"का बोलेल?"

"शाळेत नाई बोलत का पोट्टे?"

"ही शाळा नाही मावशी. मोठी माणसं आहेत."

"बुढे हायेत," तू म्हणालीस. "लोटा खोटं बोलत नाई."

मी म्हणालो, आधुनिक संस्था अशा लोट्यांवर चालत नाहीत. हा वाद तिथेच राहिला. साहेब आले, हजेरीपत्रक उलटून पाहिलं, भेटीच्या वहीत इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मी तुला मराठीत सांगितलं, व्यवस्था नमुनेदार आहे असं लिहिलं आहे. तू म्हणालीस, "चांगलं झालं. तुयं नाव झालं." तुला खरंच आनंद झाला होता.

आता पुढचं.

चैत्र संपत आला होता. माझ्या परीक्षेचे शेवटचे दोन पेपर राहिले होते. ऊन सकाळीच चटके देत होतं. सात वाजता मी हजेरीपत्रक घेऊन ओसरीत उभा राहिलो, काखेत पुस्तक. नावं घेत होतो आणि मनात उत्तरं घोकत होतो. वर पाहत नव्हतो.

"मारोतराव."

"हाजिर."

तो आवाज नथ्थूजींचा होता. मावशी, मी तो ओळखला. इतके महिने मी रोज दुपारी त्या माणसाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो, आवाज न ओळखायला मी काही बहिरा नव्हतो. मला वाटलं, मारोतराव असतील जवळच. मी 'हजर' लिहिलं.

नथ्थूजींनी नंतर मला एकट्याला सांगितलं. मारोतराव लोटा घेऊन चिंचेमागे गेले होते, आत्ता येतो म्हणाले होते. "गैरहाजिर लागलं असतं त मंडळात नाव जाते. मंडळ काढून टाकन म्हणलं बुढ्याले. जाईन कुठी थो?" त्यांनी दोस्तासाठी केलं. भीती मी घातली होती, बाराव्या नियमात, भारदस्त वाटावं म्हणून.

आठ वाजता तू माझ्या खोलीशी आलीस. हात ओले होते, सरूबाईला आंघोळ घालत होतीस.

"मारोतराव नाई दिसून राहिले गा."

मी पुस्तकावरून उठलो नाही. हजेरीपत्रक उघडून तुझ्यापुढे केलं. "हे पाहा, हजर आहेत. असतील इकडेतिकडे."

तू ओलं बोट पदराला पुसलंस आणि चौकोनावर ठेवलंस. "हे हजर लिहिलं हाये?"

"हो."

"लिहिलं हाये त असंन," तू म्हणालीस आणि परत गेलीस.

मी पेपरला गेलो. पेपर चांगला गेला. अकरा वाजता जेवणाच्या पंगतीत एक थाळी तशीच राहिली तेव्हा तू हातातलं टाकून धावलीस. मारोतराव चिंचेपलीकडच्या पडीत पडले होते, मांडीचं हाड मोडलेलं, चार तास उन्हात. लोटा हाताजवळ होता. दवाखान्यात नवव्या दिवशी ते गेले. मधल्या दिवसांत ते नुसतं पाणी मागत होते.

सभा भरली. टेबलावर हजेरीपत्रक होतं. चिटणीसांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, सात वाजता इसम जागेवर होता हे तर स्पष्टच आहे. त्यानंतर लक्ष ठेवणं कोणाचं काम? कोणीतरी म्हणालं, सेविकेचं. मी वृत्तांत लिहायला बसलो होतो. नथ्थूजी खांबाजवळ उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते. मी कागदाकडे पाहत होतो. त्यांना खाट जाण्याची भीती होती आणि मला खोली जाण्याची.

तुला बोलावलं. तुझं काय म्हणणं आहे असं विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस. 'म्या आठ वाजता इचारलं होतं' एवढं तू म्हणाली असतीस तर मी नाही म्हणालो नसतो. असं मला वाटतं. खात्री नाही. तू एवढंच म्हणालीस, "फळी असती त दिसलं असतं."

"कसली फळी?" एका सभासदाने विचारलं. चिटणीसांनी हजेरीपत्रक मिटलं. मग त्यांनी मजकूर सांगितला आणि मी लिहिलं: 'सेविका गिरजाबाई हिच्या निष्काळजीपणामुळे सदर दुर्घटना घडली असल्याने तिला कामावरून कमी करण्यात येत आहे.' शाई जास्त झाली नाही, एकही खाडाखोड नाही.

तुझा अंगठा मी धरला. शाईच्या गादीवर टेकवला, मग कागदावर.

"का लिहिलं हाये?" तू हळू विचारलंस.

"तुला कामावरून कमी केलं असं."

"अन् काहून ते?"

मी म्हणालो, "मारोतराव पडले म्हणून."

"हो," तू म्हणालीस. "पडले." 'निष्काळजीपणा' हा मधला शब्द मी तुला वाचून दाखवला नाही. तू गेलीस तोपर्यंत तुला तो माहीत नव्हता असं मी धरून चाललो आहे. कधी वाटतं, तुला माहीत होता.

इतवारी स्टेशनात छोट्या रुळांच्या गाडीपर्यंत तुझं गाठोडं मी आणलं. एका चिठ्ठीवर माझा पत्ता लिहून दिला, काही लागलं तर कळव म्हणालो. तू ती चिठ्ठी उलटसुलट पाहिलीस आणि बटव्यात घातलीस. मला वाटलं होतं गाडी सुटायच्या आधी मी सांगेन. तू विचारलंस, "पेपर झाले का सारे?" मी हो म्हणालो. "पास होशीन." मग खिडकीतून, "सरूबाईचा दोर ढिला झाला हाये, बांधजो." गाडी सुटली.

मी दोर बांधला. पायरीची गाठ वीतभर पुढे पडली. सरूबाई धडपडली, फार लागलं नाही. मी पुन्हा बांधला. या वेळी डोळे मिटून चालून पाहिलं.

मी पास झालो. पावसाळ्यात खोलीत परत आलो. तुझ्या जागी दुसरी बाई आली आहे, चांगली आहे, पण तिला सगळ्यांची नावंही अजून नीट येत नाहीत. श्रावणात एका सकाळी पाहिलं, नथ्थूजींनी आपला लोटा ओसरीच्या खांबाशी आणून पालथा घातला होता. बाराव्या नियमाप्रमाणे तो खोलीत हवा. मी तो तिथेच राहू दिला. आता तिथे सहा लोटे असतात. कॉलेजला जाण्याआधी मी तिकडून जातो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघतो. कोणाला काही सांगत नाही. हजेरीही चालूच आहे. आता मी नाव घेतल्यावर वर पाहतो.

भाद्रपदात मी चिटणीसांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "प्रकरण मिटलेलं आहे. तुम्ही अजून शिकताय, कशाला आपल्या नावाला लावून घेता?" मी म्हणालो, तिच्या नावाला लागलं आहे. ते म्हणाले, बरं, लिहून द्या. मी लिहून दिलं. पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. पुढच्या सभेला दोनच सभासद आले. त्यापुढची दिवाळीत आली म्हणून झालीच नाही.

मी ठरवलं होतं की तो शब्द खोडलेला ठराव झाला की त्याची नक्कल घेऊन तुझ्याकडे यायचं. तुला पूर्ण वाचून दाखवायचा, एकही शब्द न गाळता. तुझं भिवापूर काही दूर नाही. सकाळच्या छोट्या गाडीने निघालं तर भेटून परत येता येतं. तिथल्या मिरचीच्या दिवसांत तू देठं खुडायला बायकांबरोबर बसशील, हात आग आग करतात असं तू नेहमी सांगायचीस. त्या दिवसांत यावं असं मनात होतं. पण हातात कागद नव्हता. मोकळ्या हाताने काय यायचं, असं वाटायचं. तू आठ वाजता विचारायला आलीस तेव्हा मी उठून बघायच्या ऐवजी कागद दाखवला होता. नंतरचे सहा महिनेही मी उठलो नाही, कागदाचीच वाट पाहत बसलो. हे मला कार्ड आल्यावर कळलं. तोवर मी स्वतःला काळजी घेणारा समजत होतो.

मंडळाच्या बुकात ते वाक्य अजून तसंच आहे. चिटणीस म्हणतात, एकदा वाचून कायम झालेला वृत्तांत खोडता येत नाही. म्हणून इथे लिहितो, ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी. त्या दिवशी सात वाजता मारोतराव हजर नव्हते. 'हजर' ही नोंद खोटी आहे आणि ती मी जाणून केली. सेविका गिरजाबाई हिने आठ वाजता चौकशी केली होती. मी तिला खोटी नोंद दाखवून परत पाठवलं. निष्काळजीपणा झाला तो माझा. ओसरीतली फळी मी लिहिलेल्या नियमामुळे काढली गेली, ती परत बसवावी अशी मी मंडळाला विनंती करतो. हे छापून आल्यावर माझी खोली राहील की नाही, माहीत नाही. त्याबद्दल आज मला काहीच वाटत नाही. कशाबद्दलच फारसं वाटत नाही, खरं तर. जेवतो, झोपतो, तासाला जातो. काल दुपारी नथ्थूजींना तू गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "वाच पुढचं." मी वर्तमानपत्र पुढे वाचलं. थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

आता कार्ड. ते तुझ्या गावच्या शाळेतल्या मास्तरांनी लिहिलं आहे. सांगणारी तुझी शेजारीण लक्ष्मीबाई. पत्ता तुझ्या बटव्यातल्या चिठ्ठीवरून घेतला असं मास्तरांनी कोपऱ्यात लिहिलं आहे. त्यांनी लक्ष्मीबाईचे शब्द शुद्ध केले नाहीत, जसे बोलली तसेच ठेवले. मीही तसेच उतरवतो.

"कालेजवाल्या बाबूले मालूम व्हावं का गिरजाबाई मंगळवारी गेली. दोन दिस जरासा ताप होता. रोज सकाळी ओट्यावर लोटा पालथा घाले. मले सांगून ठेवलं होतं, ऊन उंबऱ्याले लागलं अन् लोटा उभा दिसला त हाका नको मारत बसू, आत ये. मंगळवारी लोटा उभा होता. मी आत गेली. आंग अजून गरम होतं."